दुसऱ्याचा गुलाल

विद्यापीठांतल्या खुल्या निवडणुका सरकारनं पुन्हा सुरू केल्या, त्याला चार वर्षं झाली होती. मतं आता फोनवरून पडत, डोकी मात्र अजून हातानंच फुटत. येरळाकाठ विद्यापीठात मागच्या वर्षी गणिताच्या एका पोराचा डोळा गेला. त्यावर प्रशासनानं नेहमीसारखा एक कडक आणि बिनकामाचा नियम काढला, की प्रचाराचं सगळं साहित्य विद्यापीठाच्या भांडारातूनच घ्यायचं. झेंडे, उपरणी, फटाके आणि गुलालसुद्धा. त्यामुळे दोन्ही पॅनेलच्या गुलालाची पोती एकाच पत्र्याच्या शेडखाली येऊन पडली. ती शेड जीवरसायन विभागाच्या मागच्या भिंतीला लागून होती.

पद्मजा चौगुले त्याच विभागात संशोधन करत होती. तिचा धाकटा भाऊ सन्मती यंदा परिवर्तन पॅनेलकडून अध्यक्षपदाला उभा होता. आई गेली तेव्हा सन्मती चौथीत होता. गावाकडं अण्णा म्हशी आणि डेअरी यांतून डोकं वर काढत नसत, म्हणून त्याचं जेवणखाण, शाळा, ताप-खोकला सगळं पद्मजानं पाहिलं. ती त्याची बहीण कमी आणि आई जास्त होती. निवडणुकीला उभं राहू नकोस म्हणून तिनं हात जोडले, अबोला धरला, अण्णांना सांगून पाहिलं. तो ऐकला नाही. मग रोज संध्याकाळी होस्टेलकडून रुग्णवाहिकेचा आवाज आला की ती आधी त्याला फोन लावायची. भाऊ निवडून यावा असं तिला एकदाही वाटलं नाही. तो धड राहावा एवढंच तिला हवं होतं.

आणि तिच्या फ्रीजमध्ये माया होती.

कागदावर तिला वेगळं, न उच्चारता येण्यासारखं नाव होतं, पण प्रयोगशाळेत सगळे माया म्हणत. बाळंतपणानंतर काही बायकांना आपल्याच लेकराबद्दल काही वाटेनासं होतं. पाजताना आईच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य पाझरतं आणि समोरचा चेहरा आपला होऊन जातो, ते या बायकांत पुरेसं होत नाही. बाहेरून दिलेलं ऑक्सिटोसिन मेंदूपर्यंत पोचायच्या आत विरून जातं. पद्मजाच्या विभागानं त्याचा एक टिकाऊ भाऊबंद तयार केला आणि तो मक्याच्या स्टार्चच्या अतिबारीक कणांत बसवला. कण नाकात गेला की वासाच्या मज्जातंतूवाटे काही मिनिटांत मेंदूत पोचायचा. तो तिथं असेपर्यंत जे चेहरे दिसतील, ते मनात कायमचे रुजायचे. औषध दोनेक तासांत उतरे, पण लागलेला लळा उतरत नसे. हीच तर त्याची मोठी कमाई होती. एकदा हुंगायचं आणि जन्मभर आई व्हायचं.

विभागानं अनोळखी माणसांच्या गटांवरही त्याची चाचणी घेतली होती. एका खोलीत बसवलेली माणसं तासाभरात एकमेकांना घरची सुखदुःखं सांगू लागली, निघताना गळ्यात पडून रडली. पद्मजानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. गुलालही स्टार्चचाच असतो, हे तिला शेडकडं बघताबघता सुचलं. उमेदवारी अर्ज भरायच्या दिवशी दोन्ही मिरवणुका एकाच चौकात येणार. दोन्हीकडच्या पोरांनी तो गुलाल हुंगला तर ती भांडतील कशी?

तिचे मार्गदर्शक डॉ. उपाध्ये यांना तिनं आडून आडून विचारून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं की त्या खोलीत गटाबाहेरचा परका माणूस कुणीच नव्हता, हे विसरू नकोस. पद्मजाला वाटलं, म्हातारा माणूस शंका काढणारच. रविवारी शेडला कुणी नसताना तिनं नाकाला गाळणीचा मुखवटा लावला आणि दोन्हीकडच्या पोत्यांत माया कालवली. काम करताना तिला फार बरं वाटत होतं. गणितातल्या त्या पोराचा डोळा राहिला असता, असं काहीतरी आपण करतो आहोत, असं तिला मनापासून वाटलं.

सोमवारी सकाळी संघर्ष पॅनेलची मिरवणूक इंजिनिअरिंगकडून निघाली आणि परिवर्तनची ग्रंथालयाकडून. संघर्षचा उमेदवार इंद्रजित खोत हा विधी शाखेचा. घरी साखर कारखान्याचं राजकारण पाजूनच वाढवलेला, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्का. त्याच्या पोरांनी गुलालाची पोती फोडली, हलगी कडाडली आणि पाचसहाशे पोरं लाल होऊन गेली. पद्मजा विभागाच्या गच्चीवरून मुखवटा लावून पाहत होती. थोड्या वेळात नाच मंदावला. पोरं एकमेकांच्या गालांना हात लावत होती, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ग्रंथालयाच्या बाजूलाही तेच. सन्मतीला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं आणि तो वाकून एकेकाचं डोकं कुरवाळत होता. पद्मजाला भरून आलं. जमलं, असं ती स्वतःशी म्हणाली.

दोन्ही मिरवणुका रेंगाळत रेंगाळत पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात समोरासमोर आल्या, तोवर दोन तास उलटून औषध उतरलं होतं, लळा तेवढा राहिला होता. परिवर्तनच्या एका पोराला धक्का लागला आणि तो पडला. रोजच्यासारखं असतं तर शिव्या झाल्या असत्या, कॉलर धरली असती. पण आज तो पोरगा एकट्याचा नव्हता. पाचशे आयांचं लेकरू पडलं होतं.

व्यालेल्या म्हशीच्या जवळ जायचं नाही, हे पद्मजाच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. एरवी गरीब असलेलं जनावर रेडकाजवळ परका माणूस दिसला की शिंगावर घेतं. तेच द्रव्य, तीच माया. डेअरीवाल्याच्या लेकीला हे आधी आठवायला हवं होतं. ते आठवलं तेव्हा चौकात पहिलं डोकं फुटलं होतं.

त्या मारामारीत आरडाओरडा फारसा झाला नाही, आणि पद्मजाला त्याचीच जास्त भीती वाटली. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. नुसते दगड, झेंड्यांच्या काठ्या आणि मोडलेल्या बाकांच्या फळ्या. पोरं आपल्या पडलेल्या गड्यावर अंग टाकून त्याला झाकत, आणि झाकता झाकता समोरच्याच्या गुडघ्यावर दगड घालत. एकानं दुसऱ्याचा हात बाकाच्या लोखंडी पायावर ठेवून मोडला. ते करताना तो मागं वळून आपल्या मित्राला विचारत होता, तुला लय लागलंय का रं? पळणारं कुणीच नव्हतं. पळून जाण्यासाठी स्वतःचा जीव आधी प्यारा असावा लागतो. पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यावरही पोरं एकमेकांचे डोळे पुसत लढत राहिली.

संध्याकाळपर्यंत सिव्हिल हॉस्पिटलचे दोन वॉर्ड भरले. इंद्रजितचा चुलतभाऊ बेशुद्ध होता तो उठलाच नाही. परिवर्तनच्या एका पोराचं पाऊल कापावं लागलं.

सन्मतीच्या कपाळाला टाके पडले होते. पद्मजा होस्टेलवर गेली तर खोलीत पंधरावीस पोरं दाटीवाटीनं बसलेली आणि मधे तो, इतका प्रसन्न की तिनं त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, अण्णा कसे आहेत विचारलं. सगळं नीट होतं. पण पाहुण्याशी बोलावं तसा तो बोलत होता. ती गच्चीवर होती. त्या दोन तासांत त्यानं पाहिलेल्या चेहऱ्यांत तिचा चेहरा नव्हता.

तिनं त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. तो शांतपणे ऐकत राहिला.

"पावडर असंल न्हायतर काय असंल," तो म्हणाला. "आक्का, आयुष्यात पयल्यांदा मला कशाचं भ्या वाटंना झालंया. ही पोरं माझ्यासाठी मरत्याली. आनि मी त्यांच्यासाठी. ह्ये खोटं हाय म्हनतीस?"

खोटं नाही, हेच तर दुखणं होतं. तिनं उपाध्ये सरांना गाठलं. त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की पोलिसांकडं जा, मी बरोबर येतो, पण लागलेला लळा पोलिसांना काढता येणार नाही. उद्या सगळ्या महाराष्ट्राला कळेल की गुलालात काय घालायचं असतं. येत्या वर्षी विधानसभेच्या निवडणुका आहेत, एवढं लक्षात ठेव.

ती पोलिसांकडं गेली नाही. तिला अजून दुरुस्ती करायची होती, कारण शिकलेल्या माणसाला आपली चूक आपल्यालाच निस्तरता येईल असं फार वाटतं. लळा काढता येत नसेल तर वाढवता येईल, असा तिचा विचार होता. निकालाच्या दिवशी दोन्ही उमेदवारांनी एकमेकांना मायेचा गुलाल लावायचा. आधी ते दोघे एकमेकांचे होतील, मग मागोमाग पोरांना एकत्र आणून त्यांच्यावर तोच गुलाल उधळायचा. सहाशे आणि सहाशे मिळून एकच घर.

इंद्रजितला तिनं फक्त समेटाचं सांगितलं. तो दोन मिनिटं विचार करून हसला. हरलेल्याच्या कपाळावर आपला गुलाल आणि तो फोटो गावोगाव, हा सौदा त्याला वाईट वाटला नाही. तो लगेच तयार झाला.

सन्मती मात्र उसळला. त्याचंही काही चुकत नव्हतं. आपल्याकडं माणूस पडला तर चालतं, पण दुसऱ्याचा गुलाल अंगाला लागलेला चालत नाही. ग्रामपंचायतीत हरलेला गडी निकालाच्या दिवशी दार लावून घरात बसतो, विजयाची मिरवणूक दारावरून जाताना खिडकीसुद्धा उघडत नाही, कारण वाऱ्यानं चिमूटभर गुलाल आत आला तरी ती बेइज्जती. आणि जो आपणहून लावून घेतो, तो विकला गेला असं समजायचं.

"हरलो तर हरलो," सन्मती म्हणाला. "पन त्याचा गुलाल मी लावून घ्यायचा न्हाय. माझी पोरं काय म्हनतील?"

पद्मजा म्हणाली, "पोरांचं मला सांगू नकोस. मी तुला कधी काही मागितलं नाही, सन्म्या. एवढं माझ्यासाठी कर."

पावडरीनं दिलेली माया एकीकडं होती आणि ताप आल्यावर रात्रभर उशाशी बसणारी बहीण एकीकडं. अखेर त्यानं मान हलवली. तुझ्यासाठी म्हणून, एकदाच, असं काहीसं तो पुटपुटला. पद्मजाला त्या क्षणी इतका आनंद झाला की पुढचं काही दिसेना. तो अजून आपला होता, कुठल्याही औषधाशिवाय.

निकाल दुपारी लागला. इंद्रजित थोड्या मतांनी निवडून आला. पोलिसांनी खबरदारी म्हणून प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांसमोरचं पटांगण मोकळं ठेवलं होतं आणि दोन्हीकडची पोरं दोन टोकांना लोखंडी बॅरिकेडमागं कोंबली होती. खबरदारीची हीच तर गंमत असते. पद्मजाचा बेत जवळिकीवर उभा होता आणि पोलिसांनी बरोब्बर अंतर राखलं होतं. निरीक्षक शेडबाळे मॅडमकडं जाऊन तिनं बॅरिकेड लवकर उघडा म्हणून विनवलं. त्यांनी तिला वेड्यात काढलं आणि बाजूला उभं राहायला सांगितलं.

पायऱ्यांवर इंद्रजितनं पद्मजानं माया कालवलेल्या गुलालाचं ताट पुढं केलं. सन्मतीनं एकदा पद्मजाकडं पाहिलं आणि डोकं वाकवलं. इंद्रजितनं मूठभर गुलाल त्याच्या कपाळावर, टाक्यांवर, नाकावर चोळला. सन्मतीनंही त्याच्या गालांना लावला. कॅमेरे चमकले. संघर्षच्या बाजूनं आरोळी उठली. परिवर्तनच्या बाजूला सगळं चिडीचूप झालं.

दोघे काही वेळ अवघडून उभे होते, लग्नात फोटोसाठी उभे राहिलेल्या व्याह्यांसारखे. मग इंद्रजितचा चेहरा बदलला. त्याच्या नजरेतला हिशेब गेला. त्यानं सन्मतीच्या टाक्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, दुखतंय का. सन्मतीनं मान हलवली आणि एकदम त्याला मिठी मारली. दोघेही रडू लागले. इंद्रजित आपल्या मेलेल्या भावाबद्दल काहीतरी सांगत होता आणि सन्मती त्याची पाठ थोपटत होता. पायरीच्या कडेला मुखवटा लावून उभ्या असलेल्या पद्मजाला वाटलं, आता फक्त बॅरिकेड उघडलं की झालं.

मग सन्मती हसला, वाकला आणि त्यानं इंद्रजितला स्वतःच्या खांद्यावर उचलून घेतलं. निवडून आलेल्या माणसाला त्याचे कार्यकर्ते खांद्यावर घेतात. हरलेल्या उमेदवारानं जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतलेलं त्या पटांगणात कुणी पाहिलं नव्हतं. परिवर्तनच्या पोरांना आपला दादा दिसत होता. त्याच्या तोंडाला दुसऱ्याचा गुलाल होता आणि खांद्यावर त्यांच्या दोस्ताचं पाऊल घालवणारा माणूस. वारा त्यांच्याकडून इमारतीकडं वाहत होता. त्यांच्यापर्यंत कणही पोचला नव्हता.

बॅरिकेड उघडलं नाही, आडवं झालं. पुढच्या ओळीतल्या पोरांनी ते अंगानं रेटलं, पोलिसांच्या लाठ्या खात खात, तोंडातून अवाक्षर न काढता. बॅरिकेडचे पाइप उपसून घेऊन ती पायऱ्या चढली. सन्मतीनं त्यांना येताना पाहिलं. तो घाबरला नाही. त्यानं इंद्रजितला खाली उतरवलं, ताटातून ओंजळभर गुलाल उचलला आणि दोन्ही हात पसरून पुढं झाला.

"या रं," तो म्हणाला. "लावून घ्या. हा बी आपलाच हाय."

पहिला पाइप त्याच्या ओंजळीवर बसला. गुलाल उडाला तो त्याच्या छातीवर. दुसरा कानशिलावर. तो गुडघ्यांवर आला तेव्हाही पोरांची नावं घेत होता, एकेकाला ओळखून, समजूत काढत. इंद्रजित त्याच्यावर पालथा पडला. त्याच्या दंडाचं हाड मोडलेलं पद्मजाला ऐकू आलं, पण तो बाजूला झाला नाही. त्याला चौघांनी पायांना धरून ओढून काढलं. मारणारी पोरं हमसून हमसून रडत होती. एकजण प्रत्येक घावाला का, का म्हणून विचारत होता. पद्मजा मुखवटा फेकून गर्दीत घुसली, कुणाच्या तरी कोपरानं तिचा ओठ फाटला, तिला पायऱ्यांवरून खाली फेकून दिलं. ती परत चढली. परत फेकली गेली. तोवर संघर्षची पोरंही आपला अध्यक्ष पडलेला बघून बॅरिकेड तोडून आली, आणि मग पायऱ्यांवर कोण कुणाला कशासाठी मारतंय याला काही अर्थ राहिला नाही.

गोळीबार झाल्यावर गर्दी फाटली. सन्मतीचा एक डोळा उघडा होता. पद्मजानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओढणीनं त्याच्या तोंडावरचा गुलाल पुसू लागली. तिला वाटत होतं, पुसून निघाला तर अजून काही होईल. ओढणी भिजून जड झाली, पण रंग काही जाईना. तिच्या भावाचा श्वास केव्हाच थांबला होता.

मारणारी पोरं पळाली नव्हती. सिव्हिलच्या आवारात, शवागारासमोरच्या फरशीवर ती ओळीनं बसली होती, रक्तानं माखलेली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. त्यातला एक पुढं सरकून पद्मजाला म्हणाला, आक्का, दादाला खांदा आमीच देनार. त्याच्या आवाजात जरासुद्धा लबाडी नव्हती. या पोरांचं सन्मतीवर किती प्रेम आहे हे पद्मजाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला त्याच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली.

निरीक्षक शेडबाळे आल्या. त्यांची टोपी कुठंतरी पडली होती आणि हातावर रक्त होतं. चित्रीकरणात नुसता लाल धुराळा दिसतोय, चेहरा एकही लागत नाही, असं त्या हवालदाराला सांगत होत्या. पोरांसमोर उभं राहून त्यांनी दमलेल्या आवाजात विचारलं, "शेवटचा घाव कुणी घातला? खरं बोलेल त्याला मी सांभाळून घेईन."

कोपऱ्यातल्या एकानं हात वर केला आणि म्हणाला, मी. शेजारच्यानं त्याचा हात खाली ओढला, स्वतःचा वर केला. त्याच्या मागच्यानं. मग सगळ्या ओळीनं. दोस्ताला सोडवायचं म्हणून प्रत्येकजण खून आपल्या अंगावर घेत होता, मी, मी म्हणत, जवळजवळ भांडून. दारात चाकांच्या खाटेवर दंड बांधलेला इंद्रजित पडला होता. त्यानं चांगला हात वर केला. मी त्याला माझा गुलाल लावला, म्हणून तो गेला, असं तो म्हणाला.

शेडबाळे मॅडमनी कपाळाला हात लावला. तीस वर्षांच्या नोकरीत आरोपी लपवणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते, गुन्हा मागून घेणारे पहिल्यांदाच.

भिंतीजवळून पद्मजा पुढं झाली. फाटलेल्या ओठानं तिला नीट बोलता येत नव्हतं. तिनं हात वर केला.

"मॅडम, मी," ती म्हणाली. "मी मारलंय त्याला."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या लाल झालेल्या ओढणीकडं पाहिलं, आणि मायेनं तिच्या खांद्यावर हात ठेवून हवालदाराला सांगितलं, "बाईंना पाणी द्या. सख्खी बहीण आहे, तिला आत्ता काही विचारू नका."